न घेतलेल्या निर्णयाचा कागद कुठे शोधायचा? मिरा-भाईंदरच्या मोकळ्या जागांबद्दल थोडंसं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका प्रकरणाचा कच्चा मसुदा मार्गदर्शकांना दिला होता. पहिलं वाक्य मोठ्या थाटात लिहिलं होतं: गेल्या चाळीस वर्षांत मिरा-भाईंदरने आपली मैदानं गमावली. मॅडमनी पेन्सिलीने 'गमावली' या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात तीन प्रश्न लिहिले. कुणी? कधी? कागद कुठे आहे?

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी भाईंदर पश्चिमेला वाढलो. आमच्या बिल्डिंगच्या मागे खाडीकडे जाणारी मोठी मोकळी जागा होती, तिथे आम्ही दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत क्रिकेट खेळायचो आणि पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचायचं. आज तिथे सात मजली इमारती आहेत. आता याला गमावणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण प्रश्न बरोबर होते. म्हणून मी कामाला लागलो आणि पुढचे सहा महिने चुकीच्या ठिकाणी शोधत बसलो. सभेचे ठराव, इतिवृत्तं, विषयपत्रिका. मी शोधत होतो तो असा एखादा ठराव, ज्यात लिहिलं असेल की अमुक मैदान बंद करून जागा बांधकामासाठी देण्यात येत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. असा ठराव सापडला नाही. शेवटी कुणीतरी सुचवलं, अरे आधी सातबारा तरी काढ. काढला. पिकाच्या रकान्यात 'भात' आणि नंतरच्या वर्षांत 'पड'. मालकाच्या जागी खासगी नावं. आम्ही ज्याला मैदान म्हणायचो ती जागा कागदावर एक दिवसही मैदान नव्हती. ती कुणाची तरी भातशेती होती, जिची लावणी थांबली होती, आणि बिल्डिंग अजून उठायची होती. त्या मधल्या काही वर्षांत आमचं बालपण बसलं.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण शहर, पर्यावरण किंवा जमिनीवर प्रस्ताव लिहायच्या तयारीत आहात, आणि 'मोकळी जागा' हा शब्द तुम्ही लिहिणारच आहात. लिहायच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: जागा मोकळी असणं आणि जागा सार्वजनिक असणं. मी त्या एकच समजत होतो.

मोकळं कशामुळे राहिलं?

ज्यांनी हे शहर फक्त विरार लोकलच्या खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडा नकाशा. दक्षिणेला दहिसर, म्हणजे मुंबईची हद्द. उत्तरेला वसईची खाडी. पश्चिमेला उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही किनाऱ्याची गावं आणि समुद्र. पूर्वेला घोडबंदर, काशी, चेणे आणि त्यांच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधे दोन रेल्वे स्टेशनं आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दाटलेलं शहर. महापालिकेचं क्षेत्र साधारण ७९ चौरस किलोमीटर. नकाशा हातात घेतलात तर अजूनही त्यावर हिरवा-निळा रंग बराच दिसतो. पहिला प्रश्न हा विचारायला हवा की एवढं तरी का उरलं.

माझं उत्तर असं, की त्यातलं फारच थोडं लोकांना खेळायला-फिरायला मोकळं ठेवावं म्हणून उरलं. प्रत्येक पट्ट्यामागे दुसरंच कारण आहे.

खाडीकाठापासून सुरू करू. इथली बरीच जमीन भरतीच्या पाण्याखाली जाणारी, खाजणाची. १८७० साली इंग्रज सरकारने मिरा, भाईंदर, घोडबंदर इथली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे, ही त्यामागची अट. ९९९ वर्षं! (हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.) हे हक्क पुढे एका कंपनीकडे गेले, १९५१ मध्ये साष्टीतल्या अशा इस्टेटींची महसूलमाफी रद्द करणारा कायदा आला, आणि तरीही त्या पट्ट्याचे वाद या शहरात आपल्या काळापर्यंत चालत आले. त्यात आत्ता शिरत नाही, तो एका वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे आणि कुणीतरी तो करावा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की भाताची जमीन मोकळी राहिली ती बांधामुळे आणि खोतीमुळे. ती कुणी राखून ठेवलेली नव्हती, ती राबती होती.

मग मिठागरं. आगरी हे नावच आगराशी, म्हणजे मिठागराशी जोडलेलं. भाईंदरच्या खाडीकाठचं मीठ १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरच्या काळात सरकारच्या दृष्टीने महसुलाची बाब होती. मिठावर कर होता, म्हणून मिठागरांवर पहारा होता, म्हणून तिथे कुणी घर बांधत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर मिठाचा विषय केंद्राकडे राहिला. मीठ आयुक्तांचं मुख्यालय जयपूरला. म्हणजे भाईंदरच्या खाडीकाठच्या वाफ्यांची फाईल वाळवंटाच्या राज्यात. ही केवळ गंमत नाही. जमीन कुणाची, केंद्राची, राज्याची की पट्टेदाराची, हा वाद मिठागरांच्या बाबतीत दशकानुदशकं चालतो, आणि वाद चालू असेपर्यंत जमीन मोकळी राहते. जमिनीच्या इतिहासात दिरंगाई काही वेळा जपणुकीचं काम करते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकं उलटं होणार आहे.

डोंगरांचीही तीच गत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आज आपण बिबट्यांमुळे ओळखतो, पण त्याच्या गाभ्यात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी हवं होतं, त्यासाठी पाणलोटातलं जंगल राखायचं होतं. मुंबई राष्ट्रीय उद्यान कायदा आला १९५० मध्ये, म्हणजे बराच नंतर. पाण्यासाठी राखलेल्या जंगलावर उद्यानाचं नाव पुढे चढलं आणि हद्द वाढत गेली.

आणि खारफुटी. ती तर चिखल मानली जायची. १९ फेब्रुवारी १९९१ ची सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, ज्याला आपण सगळे सीआरझेड म्हणतो, तिने कागदावर संरक्षण दिलं. त्याला खरे दात आले ते ६ ऑक्टोबर २००५ ला, जेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ ला. मिरा-भाईंदरच्या नकाशावर खाडीकडे जो गडद हिरवा पट्टा शिल्लक आहे, त्याचं श्रेय मी शहराच्या कुठल्याही नियोजनापेक्षा या आदेशाला देईन.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. भात, मीठ, पाणी, चिखल. निर्णय घेणारे कोण? खोत, मीठ खातं, वन खातं, न्यायालय. यात शहर कुठेच नाही. अर्थात शहर तेव्हा नव्हतंच. १२ जून १९८५ ला ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, पुढे किनाऱ्याची आणि डोंगराकडची गावं जोडली गेली, आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. शहराच्या हातात मोकळ्या जागेसाठी जे हत्यार आलं ते एकच: विकास आराखड्यातलं आरक्षण.

बागेची मुदत

आरक्षण म्हणजे काय, हे संशोधन करणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. मलाही नव्हतं. मला वाटायचं आराखड्यात हिरवा चौकोन काढला आणि 'उद्यान' लिहिलं की जागा नगरपालिकेची झाली. तसं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला कोर्टात आणि ऑफिसात सगळे 'एमआरटीपी' म्हणतात, त्यानुसार आरक्षण हे केवळ एक वचन आहे. जमीन मालकाचीच राहते. त्याला तिथे दुसरं काही बांधता येत नाही आणि नियोजन प्राधिकरणाने ती यथावकाश संपादित करायची असते. पैसे देऊन, किंवा पैशांऐवजी विकास हक्क, म्हणजे टीडीआर देऊन.

आणि वचनाला मुदत असते. कलम १२७ वाचा. या विषयावर काम करायचं असेल तर हे एक कलम मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही वाचा, आणि कुठल्या वर्षीचं वाचताय ते बघा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरावीक महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं असं मानलं जातं. मालक मोकळा. शेजारच्या जमिनीवर जे करता येतं ते त्याला करता येतं.

हे ठरावीक महिने मुळात सहा होते. २००९ च्या दुरुस्तीने बारा झाले, २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस. त्यामुळे तुमचा काळ कोणता त्यावर तुमचं गणित बदलतं. दुसरी गंमत कलम ३८ मध्ये आहे. आराखड्याचा फेरविचार करायला कायदा वीस वर्षांपर्यंत वेळ देतो. आराखडा वीस वर्षांचा, त्यातल्या बागेचा भरवसा दहा वर्षांचा. म्हणजे खाडीकाठच्या चिखलाला, डोंगराला, वादातल्या मिठागराला मुदत नाही. मुदत आहे ती ज्या जागेला शहराने स्वतः 'ही लोकांसाठी' म्हणून नाव दिलं तिलाच. मला हे समजायला दोन वर्षं लागली आणि समजलं त्या दिवशी मी अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं.

आता यात मिरा-भाईंदरची लोकसंख्या घाला. जनगणनेचे आकडे: १९९१ मध्ये १,७५,६०५. २००१ मध्ये ५,२०,३८८. २०११ मध्ये ८,०९,३७८. शहराचा आराखडा मंजूर झाला १९९७ मध्ये, म्हणजे नेमका त्या दशकात ज्यात शहर तिप्पट झालं. आराखड्याचं सर्वेक्षण एका शहराचं होतं, मंजुरी दुसऱ्याच शहरात आली. आणि दहा वर्षांचं घड्याळ धरलं तर नोटिसा द्यायचा दरवाजा २००७ ला उघडतो. तोवर जमिनीचे भाव कुठे पोचले होते ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पैसे देऊन संपादन करायचं तर तिजोरी रिकामी व्हावी. म्हणून मग टीडीआर, म्हणून मग समावेशक आरक्षण: मालकाने जागेचा काही भाग बाग किंवा मैदान म्हणून विकसित करून द्यायचा आणि उरलेल्यावर बांधायचं. यात बाग मिळते, हे खरं आहे. पण ती किती मोठी मिळणार हे शेजारच्या इमारतीच्या उंचीशी बांधलं जातं. मी या पद्धतीच्या सरसकट विरोधात नाही. हातात काहीच न येण्यापेक्षा चौथाई बाग बरी, असं म्हणणाऱ्या लोकांना मी भेटलोय, आणि त्यांचं चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मालकाची बाजूही मांडायला हवी, कारण आपल्या विषयातले लोक तिथे हमखास आखडतात. ज्याच्या शेतावर नकाशातला हिरवा चौकोन पडला तो प्रत्येक वेळी बिल्डर नसतो. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन कुटुंबांच्या जमिनी आहेत. बांधता येत नाही, विकायला गेलं तर भाव मिळत नाही, आणि पालिका घेतही नाही. दहा वर्षं. कलम १२७ हे या माणसासाठी लिहिलेलं आहे आणि ते असायलाच हवं. अडचण अशी की तेच कलम ज्याने चौकोन स्वस्तात विकत घेऊन दहा वर्षं वाट पाहिली त्यालाही तितकंच लागू होतं. कायद्याला या दोघांतला फरक दिसत नाही. तो दिसायचा असेल तर फेरफार उताऱ्यांत दिसतो, की जमीन कुणाकडून कुणाकडे, कोणत्या वर्षी गेली. म्हणून म्हणतो, फेरफार काढा.

सहा दिवस

या सगळ्याचं सर्वात स्वच्छ उदाहरण मात्र मुंबईतलं आहे, आणि प्रत्येक संशोधकाने ते एकदा तरी वाचावं असं मला वाटतं. हकीमवाडीचा खटला. १९८८ च्या निकालपत्रांत सापडतो. एक भूखंड मुंबईच्या आराखड्यात मनोरंजन मैदानासाठी राखलेला. दहा वर्षं उलटली. मालक असलेल्या विश्वस्तांनी १ जुलै १९७७ ला नोटीस काढली, ती पालिकेला ४ जुलैला मिळाली. त्याच महिन्यात पालिकेचं उत्तर गेलं, की तुमच्या मालकीचा तपशील द्या, तो मिळेपर्यंत सहा महिन्यांची मुदत सुरू होत नाही. पुढे पालिकेने जमीन मैदानासाठी घ्यायचा ठराव केला. तारीख १० जानेवारी १९७८.

मोजा. ४ जुलैपासून सहा महिने ४ जानेवारीला संपतात. ठराव सहा दिवस उशिरा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदत नोटीस मिळाल्या दिवसापासूनच मोजायची, तपशील मागून घड्याळ थांबवता येत नाही. आरक्षण संपलं.

आता इतिहासकार म्हणून बघा. तुम्ही फक्त ठरावांचं दप्तर वाचलंत तर काय दिसेल? १० जानेवारी १९७८ ला लोकप्रतिनिधींनी मैदानासाठी जमीन घ्यायचा ठराव केला. वा! शहर जागरूक होतं, असं तुम्ही लिहाल. प्रत्यक्षात ज्या दिवशी मैदान गेलं त्या दिवशी, ४ जानेवारीला, काहीच घडलं नाही. सभा नाही, मतदान नाही, सही नाही. मैदान घालवणारी गोष्ट म्हणजे एक तारीख, जी कुणाच्याही लक्षात न येता उलटून गेली. त्या तारखेचा एकमेव पुरावा आवक नोंदवहीत, नोटीस मिळाल्याच्या शिक्क्यात.

पुढे २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की नुसता ठराव करून राज्य सरकारकडे प्रस्ताव पाठवणं म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, भूसंपादन कायद्याखालची घोषणा निघायला हवी. २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या खटल्यात हेच मत उचलून धरलं गेलं. म्हणजे सभागृहात टाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आला, तरी कायद्याच्या नजरेत काहीच झालेलं नसू शकतं. आणि उलट, सभागृहात एक शब्द न बोलता सगळं होऊन गेलेलं असू शकतं. माझ्या पहिल्या सहा महिन्यांचं काय चुकलं ते आता कळलं असेल. मी बोललेले शब्द वाचत होतो.

मग दप्तर कोणतं?

परदेशातले लेख वाचताना एक गोष्ट खटकायची. तिकडच्या अभ्यासकांना हे काम सोपं का जातं? अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचं उदाहरण घ्या. तिथे १८८३ पासून उद्यानांसाठी वेगळं, लोकांनी निवडलेलं मंडळ आहे. जमीन घेणं, मैदान बांधणं, नाही म्हणणं, सगळं एका मंडळाच्या इतिवृत्तात. आपल्याकडे असं एक मंडळ नाही. नगररचना विभाग आरक्षण सांभाळतो, उद्यान विभाग तयार झालेली बाग सांभाळतो, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखालचं वृक्ष प्राधिकरण झाडतोडीचं बघतं, सर्वसाधारण सभा ठराव करते, जिल्हाधिकारी संपादन करतात, शिवाय वन खातं आणि मीठ आयुक्त आहेतच. एका मैदानाची गोष्ट सात टेबलांवर पसरलेली असते आणि कुठल्याही एका टेबलावरच्या माणसाला ती पूर्ण माहीत नसते. त्यामुळे 'पालिकेने मैदान विकलं' हे वाक्य बरेचदा चूक असतं, आणि 'पालिकेने मैदान जपलं' हेही.

माझा आताचा क्रम असा आहे, तुम्ही तुमचा बनवा. आधी राजपत्र. आराखडा मंजूर करताना शासन काही भाग वगळतं, त्यांना कचेरीत 'ईपी' म्हणतात, आणि बरेच हिरवे चौकोन तिथेच रंग बदलतात. नकाशा आणि त्याच्या सोबतचा अहवाल एकत्र वाचायचा, नुसता नकाशा कधीच नाही. त्यानंतर त्या सर्व्हे नंबरचे सातबारा आणि फेरफार. ठराव सर्वात शेवटी. आणि जिथे मिळेल तिथे आवक नोंदवही. माहितीच्या अधिकारात 'अमुक आरक्षण का गेलं' असं विचारू नका. 'का'ला उत्तर मिळत नाही. 'कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांची नोंद, मिळाल्याच्या तारखेसह' असं मागा. कागद मागायचा, मत मागायचं नाही.

मिरा-भाईंदरवर काम करणाऱ्यांना आणखी एक सूचना. ऑगस्ट २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासकाचा कारभार आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं. म्हणजे शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या मोकळ्या जागा ठरवणाऱ्या कागदावर चर्चा सुरू झाली तेव्हा वाद घालणारं सभागृहच नव्हतं. त्या काळाचा आवाज ऐकायचा तर तो नागरिकांच्या हरकती-सूचनांमध्ये आहे. हरकतींचे अर्ज हे अतिशय उत्तम साधन आहे आणि आपण ते वापरत नाही. हाताने लिहिलेले, चुकीच्या शुद्धलेखनाचे, पण त्यात माणसं सांगतात की ही जागा आम्ही कशासाठी वापरतो. 'इथे आम्ही सुकी मासळी वाळवतो', 'इथे जत्रा भरते' अशा प्रकारचा तपशील कुठल्या नकाशात येणार?

नकाशात तो येत नाही म्हणून काय होतं ते मेट्रो ९ च्या कारशेडने दाखवलं. दहिसर ते मिरा-भाईंदर या मार्गाची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा भागात ठरली होती. तिथल्या ग्रामस्थांनी विरोध केला. मग ती उत्तनजवळच्या डोंगरीकडे सरकली. तिथे माणसं कमी, झाडं जास्त. २०२५ मध्ये झाडतोडीची नोटीस निघाली तेव्हा हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला आणि शहरातून हरकती गेल्या. मला यात कोण बरोबर यापेक्षा एक शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, जो दोन्ही वेळा वापरला गेला: 'रिकामी जागा'. शेत रिकामं, डोंगर रिकामा. १८७० च्या पट्ट्यातही खाजण असंच रिकामं धरलं होतं. तुमच्या साधनांत हा शब्द आला की थांबा आणि कुणाच्या दृष्टीने रिकामी ते विचारा. मी स्वतः ती चूक केली आहे, फक्त उलट दिशेने: मला कुणाच्या तरी शेताचं मैदान दिसलं.

आकड्यांबद्दल एक इशारा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. विद्यार्थी लगेच भागाकार करतात: शहरातली एकूण मोकळी जागा भागिले लोकसंख्या. पण वर काय धरलं? खारफुटी धरली तर आकडा फुगतो, तिथे मूल खेळू शकत नाही. राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर धरला तर आणखी फुगतो. आराखड्यातली आरक्षणं धरली तर त्यातली ताब्यात किती आणि वचनात किती? मोठ्या गृहसंकुलातली दहा टक्के मनोरंजनाची जागा, जिला सगळे आरजी म्हणतात, ती धरायची तर तिच्या गेटवर वॉचमन आहे. चार प्रकारे मोजलंत तर चार वेगळी शहरं मिळतील. कोणता आकडा घेतला यापेक्षा काय मोजलं ते तळटीपेत लिहा, परीक्षक तिथेच बघतात.

मसुद्यातलं ते पहिलं वाक्य आता असं आहे: 'मिरा-भाईंदरमध्ये जी जमीन मोकळी राहिली ती बहुधा अन्य कारणांसाठी अडवलेली होती, आणि जी मोकळी ठेवायची ठरली तिच्यावर मुदतीचं बंधन होतं.' थाट गेला. मॅडमनी यावेळी रेघ ओढली नाही, फक्त 'बहुधा' ला गोल केला आणि लिहिलं, किती?

त्या 'किती'च्या मागे सध्या आहे. एका कार्यालयात एका नोटिशीची झेरॉक्स मिळाली आहे, शिक्का पुसट आहे. तारखेतला पहिला अंक १ आहे की २ ते कळत नाही, आणि त्या दहा दिवसांवर माझा एक परिच्छेद अडलाय. मूळ प्रत बघायला मंगळवारी बोलावलंय. भिंग घेऊन जाणार आहे.